सात नंबरचे नातेवाईक

आमच्या शेजारच्या सुमनबाई कोणाला माझी ओळख करून देतात तेव्हा हमखास म्हणतात, "ह्या बोरकर मॅडम. आधी ह्या पैसे वाटत होत्या." मी त्यांना कितीदा सांगितलं, अहो बाई, मी पैसे वाटत नव्हते. कोणाला द्यायचे हे ठरवणारी माणसं वेगळी होती. त्या माणसांना चहा वेळेवर मिळतो की नाही आणि नियम वेळेवर आठवतो की नाही, एवढंच मी पाहत होते. त्यावर सुमनबाई म्हणतात, "मंग तेच तं!"

यवतमाळात लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. संस्था खाजगी आहे. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की ओळखीपाळखीचे लोक फोन करतात. जिल्ह्यातल्या कॉलेजांत शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना संशोधनासाठी अनुदान द्यायचं, हे तिचं काम. मी तिथे निवड समितीची सदस्य-सचिव होते. पद ऐकायला भारदस्त आहे, पण त्याला मत नसतं. बैठकीत कोणी विचारलं, "मॅडम, नियम काय म्हणते?" तर नियम वाचून दाखवायचा आणि पुन्हा गप बसायचं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ह्या खुर्चीत कोणी बसवलं, ते बसवणाऱ्यालाच माहीत.

बाहेरच्यांना वाटतं, प्रस्ताव येतात, साहेब वाचतात, चांगला असेल त्याला पैसे मिळतात. इतकं सरळ असतं तर मला पगार कायले दिला असता? प्रस्ताव म्हणजे, मला अमुक प्रश्न पडला आहे, तो मी असा असा सोडवणार आणि त्याला एवढं सामान लागेल, असं लिहिलेली काही पानं. ती आली की मी आधी सह्या, वय, शिक्का वगैरे पाहायची. मग त्यावरचं नाव, कॉलेज, मार्गदर्शकाचं नाव, सगळं काढून टाकायचं आणि नुसता नंबर द्यायचा. तो नंबर जिल्ह्याबाहेरच्या दोन तज्ज्ञांकडे जायचा, ते गुण द्यायचे. शेवटी इथल्या पाच जणांची समिती बसायची आणि गुण पाहून, चर्चा करून निवड करायची. समितीलाही नाव दिसत नसे. कोणत्या नंबरामागे कोण आहे, हे सगळ्या खोलीत एकट्या मला ठाऊक असायचं, आणि ते पोटातच ठेवायचं असा दंडक होता.

गिऱ्हाइकं एकेक पाहिली मी. एका सरांनी कापसावरचा जुनाच प्रस्ताव काढला, कॉम्प्युटरवर 'कापूस' शब्दाच्या जागी सगळीकडे 'तूर' केलं आणि पाठवून दिला. तुरीची बोंडं फुटल्यावर तुरीची सरकी वेगळी करायची, असं त्यात पानोपानी लिहिलेलं. बाहेरच्या एका तज्ज्ञाने त्याला 'विषय स्थानिक आहे' म्हणून चांगले गुण दिले! दुसरे एक तज्ज्ञ साहेब होते, ते कोणताही प्रस्ताव पाठवा, गुण तेवढेच द्यायचे. मी एकदा फोन करून विचारलं, तर म्हणाले, "त्यात भांडण होत नाही." आणि एकांनी लिहून पाठवलं, 'हा माझा विषय नाही, तरी प्रस्ताव चुकीचा वाटतो.' हे सगळं मी फायलीला लावत गेले. कशाचा काय अर्थ घ्यायचा, हे मला तेव्हाही नीट कळत नव्हतं.

पण सगळ्यात मोठा घोळ होता तो उठून जाण्याच्या नियमाचा. समोरचा प्रस्ताव आपल्या नातेवाइकाचा किंवा आपल्या विद्यार्थ्याचा आहे असं सदस्याला वाटलं, तर त्याने तसं सांगून खोलीबाहेर जायचं. चर्चा संपली की परत यायचं. नियम चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या जिल्ह्यात कोण कोणाचा कोणी लागत नाही? एक सदस्य अर्धे उठून उभे राहिले आणि मला विचारते झाले, "मॅडम, माह्या साळ्याच्या साडूचा पोरगा आहे बहुतेक. उठू का बसू?" मी पुस्तक चाळलं. त्यात साळ्याचा साडू नव्हता. आणि मुख्य म्हणजे नावं झाकलेली, मग ओळखायचं कशावरून? अंदाजाने! नियम करणाऱ्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं, की प्रस्ताव आपल्या माणसाचा आहे हे आधी ओळखावं लागेल, आणि ओळखू येऊ नये म्हणूनच तर आपण नाव झाकलं.

आता मूळ गोष्टीवर येते.

प्रस्ताव घेण्याच्या शेवटच्या दिवशी नसरीन नावाची एक मुलगी ऑफिसात आली. मुलगी म्हणते, पण चांगली तिशी ओलांडलेली बाई. केळापूर तालुक्यातल्या एका गावची, कॉलेजात तासांप्रमाणे पैसे मिळतात तशी रसायनशास्त्र शिकवणारी. तिचे वडील करीमभाई हातपंप आणि मोटारी दुरुस्त करणारे. तेच तिला मोटारसायकलवर एवढ्या लांबून घेऊन आले होते आणि दारातच उभे होते. "बसा ना भाई," मी म्हटलं, तर "नहीं मॅडमजी, कपडे ऑइल के हैं," म्हणाले.

मी पानं तपासत होते आणि सहज विचारलं, विषय काय तुझा?

"पाणी, मॅडम. आमच्याकडं जमिनीतल्या पाण्यात फ्लोराईड आहे, हे तं सगळ्यायले माहीत आहे. लेकरायचे दात पिवळे होते, पुढं हाडं धरते. तपासणारे येते, वर्षातून एखाद वेळ पाणी नेते आणि खराब पंपाले लाल रंग मारून जाते. बाकीचे पंप चांगले म्हणून लोक पिते."

"मग?"

"मंग चांगला म्हणलेला पंप उन्हाळ्यात बी चांगलाच राह्यते का? पाणी खोल गेल्यावर? ते कोणी पाह्यलंच नाही. मले तेच पाह्यचं आहे. तेच पंप, सालभर, दर महिन्याले."

मी म्हटलं, हे एवढं साधं कोणी केलं नाही? ती म्हणाली, "मले बी हेच समजून नाही राह्यलं. माह्या भावाची पोरगी त्याच पंपाचं पाणी पिते, ज्याले चांगला म्हणलं. आम्हीच पाजतो तिले."

मग हळूच म्हणाली की तिची वयाची मर्यादा ह्या वर्षी संपते, पुढच्या वर्षी तिला अर्ज करता येणार नाही. मी पानं मोजत राहिले. अशा वेळी बोलायचं नसतं, उगाच माणसाला आशा लागते. तिच्या प्रस्तावाला सात नंबर पडला.

बाहेरच्या दोन तज्ज्ञांकडून सात नंबर परत आला तो उलटासुलटा होऊन. एकाने भरभरून गुण दिलेले आणि लिहिलेलं, 'हा प्रश्न आजवर विचारला न जाणे आश्चर्याचे आहे.' दुसऱ्याने जेमतेम गुण दिलेले आणि लिहिलेलं, 'पाण्यात फ्लोराईड आहे हे सर्वज्ञात आहे. नवीन काही नाही.' दोघेही शिकलेले, दोघांनीही तीच पानं वाचलेली. सरासरी काढली तर प्रस्ताव बरोबर काठावर. म्हणजे सगळं समितीच्या चर्चेवर आलं.

बैठकीला पाचातले चार जण होते, पाचवे लग्नाला गेले होते. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य इंगोले सर. मातीचा अभ्यास करणारे राठोड सर. रसायनशास्त्राच्या वानखडे मॅडम. आणि संस्थेतर्फे अग्रवालजी, जे खर्चाचे तक्ते सोडून दुसरं पान उघडत नसत. निर्णयाला किमान तीन जण हवेत असा नियम. दुसऱ्या दिवशी यादी विश्वस्तांपुढे जायची होती, म्हणजे पुढची बैठक नव्हतीच.

सकाळ छान गेली. चार नंबरचा प्रस्ताव निंबोळीच्या अर्कावरचा होता. वानखडे मॅडमनी त्याची मनापासून तारीफ केली, बाकीच्यांनी माना डोलावल्या, निवड झाली. मी खाली मान घालून लिहीत होते. चार नंबर वानखडे मॅडमच्या स्वतःच्याच विद्यार्थ्याचा होता, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. नाव झाकल्याचा हाच तर फायदा, असं तेव्हा मला वाटलं आणि बरंही वाटलं.

मग सात नंबर निघाला. राठोड सरांनी पहिली दोन पानं वाचली आणि खुर्ची मागे सरकवली.

"मी बाहेर जातो," ते म्हणाले. "हे माह्या भाचीचं आहे."

माझ्या हातातला पेन थांबला. राठोड सर बंजारा समाजाचे, त्यांच्या बहिणीचा तांडा त्याच भागात. प्रस्तावात तांड्यातल्या हातपंपांचा उल्लेख होता, आणि नमुने घेण्याआधी तांड्याच्या नायकाला विचारलं जाईल, असंही लिहिलं होतं. सर म्हणाले, "नायकाले विचारल्याबिगर तांड्यात पाणी भराले बी जाऊ नये, हे बाहेरच्याले कुठून सुचते? आणि भाची मले होळीतच म्हणे, मामा, पाण्यावर प्रस्ताव टाकून राह्यली मी. माहं इथं बसणं बरोबर नाही."

आणि गेले की हो बाहेर! आता खरं सांगायचं तर त्यांच्या भाचीने प्रस्ताव टाकलाच नव्हता. नायकाचं ते नसरीनला करीमभाईंकडून कळलं असणार, पंप दुरुस्तीला ते तांड्यांत जातच असतील. मामाला सांगितलं एक आणि राहून गेलं असेल बिचारीचं.

मी अजून त्याच गोंधळात, तर वानखडे मॅडम पान उलटून म्हणाल्या, "अगं बाई. मीही उठते."

"आता तुम्ही कायले?" इंगोले सर.

"सर, हे पहा. 'नमुने काचेच्या बाटलीत न ठेवता प्लास्टिकच्या बाटलीत ठेवले जातील, कारण फ्लोराईड काचेला खाते.' हे मी वर्गात दरवर्षी घसा फोडून सांगते. आणि माझा एक विद्यार्थी यंदा प्रस्ताव देणार होता. हा त्याचाच."

त्यांच्या विद्यार्थ्याला तासाभरापूर्वी त्यांनीच निवडलं होतं! काचेबिचेचं ते नसरीनने एखाद्या पुस्तकातच वाचलं असणार, कुठल्याही रसायनवाल्याला ते माहीत असतं. पण मॅडमनी पर्स उचलली आणि त्याही गेल्या. खोलीत राहिले इंगोले सर, अग्रवालजी आणि मी. अग्रवालजींनी तक्त्यातून डोकं वर काढलं.

"दो लोग उठ गए," ते म्हणाले. "मतलब पार्टी वजनदार है."

वजनदार! मला दारात उभे राहिलेले करीमभाई आठवले आणि हसावं की रडावं ते कळेना.

इंगोले सर म्हणाले, "मॅडम, दोघांत निर्णय होते का?"

"नाही सर. तीन लागतात."

"मंग सात नंबर बाजूले ठेवा."

बाजूला ठेवा म्हणजे गेला. मी म्हटलं, सर, पाच मिनिटं चहाची घ्या, आणि बाहेर पळाले. राठोड सर व्हरांड्यात खिडकीकडे पाठ करून उभे होते, आतलं ऐकू येऊ नये म्हणून मुद्दाम लांब. असा सज्जन माणूस. मी म्हटलं, "सर, असंही असू शकतं ना, की ते तुमच्या भाचीचं नसेल?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

"मॅडम, तुम्ही मले आत बसवून राह्यल्या? भाचीच्या वेळेले?"

"तसं नाही हो सर."

"मंग सांगा, भाचीचा नंबर कोणता?"

"ते मला सांगता येत नाही."

"नाही ना? मंग मी बाहेरच बरा. नियम तुम्हीच वाचून दाखवला होता."

आता मी काय सांगू? भाचीचा नंबर नाहीच असं सांगितलं, तर झाकलेलं उघडं पडतं आणि वर मामा-भाचीत भांडण लावल्याचं पाप. दुसऱ्या टोकाला वानखडे मॅडम बाकावर बसल्या होत्या. त्यांच्याकडे जायला निघाले आणि अर्ध्यातच थांबले. मॅडम, सात नंबर तुमच्या विद्यार्थ्याचा नाही, एवढं जरी म्हटलं तरी त्या विचारणार, मग त्याचा कोणता? मी गप राहिले तरी त्या हुशार बाई, चार नंबर लगेच ओळखणार. ओळखला की त्या वेळी आपण उठायला हवं होतं असं म्हणणार, आणि चार नंबरची निवड रद्द करायला लावणार. त्या पोराचा प्रस्ताव खरंच चांगला होता. त्याने कोणाचं काय बिघडवलं होतं? एकीला आत घ्यायला दुसऱ्याला बाहेर काढायचं, आणि ते मी, जिला मत नाही, तिने ठरवायचं?

शेवटी इंगोले सरांना बाजूला घेतलं. म्हटलं, सर, मी नावं घेत नाही, पण जे उठले ते चुकून उठले.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दोघंबी?"

"दोघंही."

"मंग आत बोलवा त्यायले."

"काय सांगून बोलवू?"

ते बोलायला लागले, थांबले, पुन्हा लागले. "सांगा की... नाही, ते नाही सांगता येत. मी म्हणतो की... पण मले तरी कसं माहीत, असं विचारतीन ना ते." मग माझ्यावरच चिडले. "काहून सांगितलं तुम्ही मले? आता मले बी समजून नाही राह्यलं काय करावं ते! आता तं मीच बसू का उठू?"

तेवढ्यात आतून अग्रवालजी म्हणाले, "प्राचार्यजी, आठ नंबर लें क्या?" सर आत गेले. आठ नंबर घेतला. राठोड सर आणि वानखडे मॅडम परत आले, आपापल्या खुर्चीत बसले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर आपण योग्य तेच केलं असं समाधान होतं. ते खरंही होतं. त्या खोलीत त्या दिवशी एकही माणूस लबाड नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. तुरीची बोंडंवाले सर परवडले, निदान कोणावर रागवायचं ते तरी कळत होतं.

नकाराचं पत्र मी पाठवलं. आमच्या पत्रात कारण नसतं, 'निवड होऊ शकली नाही' एवढंच.

काही दिवसांनी नसरीन आली. ह्या वेळी एकटी, एसटीने. मला वाटलं रडेल, भांडेल. दोन्ही नाही. खुर्चीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "अर्जातून माहे काही कागद परत भेटते का?"

मी दिले. ती ते पिशवीत ठेवत होती. म्हणाली, "अब्बा जिथं पंप सुधराले जाते, तिथून एकेक बाटली भरून आणून राह्यले अजून. घरात ठेवाले जागा नाही. अम्मी चिडते. तपासाचं यंत्र नाही तं नुसतं पाणीच आहे ते."

मी तिला चहा मागवला. ती तो संपवेपर्यंत मी टेबलावरच्या फायली इकडच्या तिकडे करत बसले. ह्या पोरीसाठी दोन मोठी माणसं जवळचे नातेवाईक म्हणून उठून बाहेर गेली होती, असं सांगायला तोंड उघडलं असतं तर ती मला वेडीच समजली असती.

उठताना ती थांबली. "मॅडम, एक विचारू? खरं सांगसान?"

"विचार."

"आत मले ओळखणारं कोणी नव्हतं, म्हणून गेलं ना?"

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं, तर ते खरं होतं. आमच्या समितीत ओळखीवर कोणाला मिळत नव्हतं, त्यासाठी तर एवढी झाकाझाकी. आणि हो म्हणावं, तर तेही खरं होतं. आत एक जण जरी तिला ओळखत असता, तर "अरे, हे तं करीमभाईच्या पोरीचं," असं मनात म्हणाला असता आणि स्वतःची भाची, स्वतःचा विद्यार्थी त्याला दिसला नसता. नियम म्हणतो सांगू नको. मन म्हणतं सांग. पण सांगायचं काय, तेच माझ्या डोक्यात सरळ होईना, आणि अजूनही झालेलं नाही.

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच गेलं."

तिने एक मोठा श्वास सोडला. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा हसू दिसलं.

"मंग ठीक आहे," ती म्हणाली. "मले वाटलं, माहा सवालच चुकीचा होता."